गदा कुणाच्या खांद्यावर

महाराष्ट्र केसरीच्या गदेत आत सागवानी लाकूड असतं आणि वरून चांदीचा पत्रा. वजन दहा-बारा किलोंच्या घरात. जिंकलेला पैलवान ती खांद्यावर टाकून मैदानाला फेरी मारतो, अंगावरची माती अजून झटकलेली नसते, भोवती माणसांचा गराडा असतो आणि वर गुलाल. हे चित्र आता इतकं रुळलंय, की आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या जत्रांतही शेवटच्या मानाच्या कुस्तीला गदा लावायची रीत पडलीय. पूर्वी जिथे पितळी हंडा किंवा ढाल असायची, तिथे आता गदा. तालुक्याची गदा, आमदारांच्या नावाची गदा, कुणाच्या स्मरणार्थ गदा.

गदा मिळाली म्हणजे पैलवान मोठा झाला, असं आज धरून चाललेलं आहे. मुष्टियुद्धाच्या जगातही हाच हिशेब चालतो. कुणी किती पट्टे जिंकले, किती लढती न हरता काढल्या, यावर माणसं रात्र रात्र भांडतात आणि शेवटी महंमद अलीच्या नावाशी येऊन थांबतात. अलीपेक्षा कमी लढती हरलेले बॉक्सर बरेच आहेत. मग नाव त्याचंच का निघतं? आमच्या किन्हवलीच्या पारावर हाच प्रश्न कुस्तीच्या भाषेत विचारला जातो: पैलवान तर पुष्कळ झाले, पण ज्याचं नाव घेतलं की म्हातारी माणसं सावरून बसतात, असा पैलवान कशाने होतो? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर गदेकडे बघून मिळत नाही. पण गदा आपल्याकडे कुठून आली, कुणाकुणाच्या हातांतून आली, हे मागे जाऊन पाहिलं तर बरंच हाती लागतं.

सुरुवात मारुतीपासून करू, कारण प्रत्येक तालमीची सुरुवात तिथूनच होते. कॅलेंडरवरच्या मारुतीच्या खांद्यावर गदा असतेच असते. पण वाल्मीकी रामायणातला हनुमान लढतो तो मुठीने, तळहाताने, उपटलेल्या झाडांनी आणि शिळांनी. अशोकवनात तो दरवाजाचा लोखंडी अडसर उचलतो. रावणाशी समोरासमोर येतो तेव्हा हाताचा असा तडाखा देतो, की रावण हेलपाटतो आणि शत्रू असूनही त्याला शाबासकी देतो. म्हणजे तालमीच्या कोनाड्यातला आपला देव मुळात मुठीने लढणारा आहे. दख्खनभर गावोगावच्या वेशीवर जे जुने मारुती आहेत, त्यांतल्या कितीतरी मूर्तींचा एक हात चपराक मारायला उगारलेला असतो, पायाखाली राक्षस असतो आणि गदेचा पत्ता नसतो. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात कृष्णाकाठी अकरा मारुती स्थापले. त्यांतला पहिला 1645 मधला, शहापूरचा. हे शहापूर कऱ्हाडजवळचं, आमचं नव्हे. पण नाव ऐकून आमच्या माणसाचा जीव जरा सुखावतोच. त्याच कऱ्हाडच्या परिसरात पुढे एक पैलवान जन्मला. त्याच्याकडे नंतर येतो.

गदा खऱ्या अर्थाने महाभारतातली. भीम आणि दुर्योधन दोघेही गदेतले, दोघांचा गुरू एकच, बलराम. भीमाची ताकद जास्त, दुर्योधनाचं कसब जास्त. शेवटच्या लढतीत भीमाने नियम मोडून मांडीवर घाव घातला आणि जिंकला. बलराम इतका संतापला, की नांगर उगारून भीमाच्या अंगावर धावून गेला. कृष्णाने कसंबसं आवरलं. म्हणजे आपल्या परंपरेतली सर्वांत गाजलेली गदेची लढत वादग्रस्त निकालाची आहे. गदा कुणी जिंकली हे सगळ्यांना ठाऊक, पण ती कशी जिंकली यावर हजारो वर्षं कीर्तनकार बोलतायत. उलट भीम-जरासंधाच्या कुस्तीबद्दल कुणी तक्रार करत नाही. ती हातांची लढाई होती, गदेची नव्हती, आणि कित्येक दिवस चालली होती.

मुठीची लढाईही आपल्याला परकी नाही. कंसाच्या दरबारात कृष्णासमोर चाणूर उभा राहिला आणि बलरामासमोर मुष्टिक. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने लिहवलेल्या मानसोल्लास ग्रंथात मल्लविनोद नावाचा भाग आहे. पैलवानांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांचा सराव असा सगळा तपशील त्यात येतो. राजाने कुस्त्या लावून बघायच्या ही करमणूक तेव्हाही रीतसर होती. पुढे जेठी मल्लांनी वज्रमुष्टी चालवली. मुठीवर शिंगाचं किंवा धातूचं काटेरी हत्यार बांधायचं आणि लढायचं. बडोद्याच्या मराठी दरबारात खंडेराव गायकवाडांना या लढतींचा फार नाद. 1860 च्या दशकात तिथे आलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसेले ते रक्तबंबाळ खेळ पाहून हादरला होता आणि त्याने ते सविस्तर लिहून ठेवले. म्हैसूरच्या दसऱ्यात वज्रमुष्टीची एक लढत अजून होते. पहिलं रक्त दिसलं की थांबवतात. बडोद्यात राजासमोर जिवावर उदार होऊन लढलेल्या त्या जेठींपैकी एकाचंही नाव आज आपल्या तोंडी नाही. रक्त सांडलं, इनामंही मिळाली असतील, पण नावं उरली नाहीत.

बाळंभटदादा देवधरांचं नाव मात्र उरलं. हे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले, नाशिक जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे. निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. कोवळ्या वयाच्या बाळंभटाने विडा उचलला, मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगीकडे गेला. तिथे त्याला मल्लखांबाची कल्पना सुचली, असं परंपरा सांगते. परत येऊन त्याने अलीला पाडलं आणि गुलाबने लढायचं नाकारलं. कथेतला देवीचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. अली पडला ही एका दुपारची गोष्ट होती. मल्लखांब दोनशे वर्षं टिकला, गावोगावच्या शाळांत गेला, आणि आज मुलीही दोरीवरचा मल्लखांब करतात. बाळंभटदादांना पेशव्यांनी काय बक्षीस दिलं, हे कुणाच्या खिजगणतीत नाही.

मग गदा बक्षीस म्हणून आली कधी? मराठी मुलखात पैलवानाचा मान व्हायचा तो फेट्याने, शेल्याने, हातातल्या कड्याने. मोठा पैलवान असेल तर जमीन आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे खुराक: दूध, तूप, बदाम, यांचा सरकारी शिधा. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात हेच केलं. पैलवान पोसले, तालमी उभ्या केल्या, आणि 1902 च्या युरोपच्या प्रवासात रोमचं जुनं क्रीडागार पाहून आल्यावर खासबाग मैदान बांधायला घेतलं. 1912 मध्ये ते खुलं झालं. मधोमध खोल हौदा आणि भोवती उतरती बैठक, म्हणजे पंचवीस-तीस हजार माणसांतल्या शेवटच्यालाही पट काढलेला दिसावा. शाहू महाराजांनी बक्षिसावर जेवढा खर्च केला असेल त्याच्या कितीतरी पट खर्च तयारीवर केला. पुढची पन्नास-साठ वर्षं कोल्हापूर कुस्तीची पंढरी राहिलं ते या खर्चामुळे.

चांदीची गदा आपल्याकडे आली उत्तरेकडून, आणि तिच्यामागे उभा आहे गामा पैलवान. 1910 मध्ये गामा लंडनला गेला तेव्हा त्याला स्पर्धेतच घेईनात. उंची कमी, नाव अनोळखी. त्याने जाहीर आव्हान दिलं आणि अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला लोळवलं. मग 10 सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी लढत झाली. झ्बिस्को पालथा पडून राहिला, गामा त्याला उलटवू पाहत राहिला, आणि सुमारे पावणेतीन तासांनी बरोबरी जाहीर झाली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं, झ्बिस्को आलाच नाही, आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. पट्टा ही इंग्रजांच्या मुष्टियुद्धातली रीत. 1860 मध्ये फार्नबरोला टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन यांची लढत निकाल न लागता संपली आणि शेवटी दोघांनाही पट्टे द्यावे लागले, तेव्हापासून पट्ट्याचं महत्त्व वाढतच गेलं. गामा कमरेला तो पट्टा घेऊन परतला. 1922 मध्ये भारतभेटीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सने त्याला चांदीची गदा दिली. 1928 मध्ये पतियाळात झ्बिस्को पुन्हा समोर आला आणि या वेळी एक मिनिटही टिकला नाही. इंग्रजांचा पट्टा आणि आपली गदा, दोन्ही एकाच माणसाकडे जमली.

आणि तरीही गामाची जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, तिच्यात ना पट्टा आहे ना गदा. फाळणीच्या वेळी लाहोरात त्याच्या मोहल्ल्यात हिंदू कुटुंबं राहत होती. जमाव चालून आला तेव्हा गामा आणि त्याचे पैलवान मध्ये उभे राहिले. ती कुटुंबं सुखरूप बाहेर पडेपर्यंत त्याने त्यांना सांभाळलं. पन्नास वर्षं मातीत कमावलेल्या शरीराचं त्या दिवशी चीज झालं, असं मी म्हणेन.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले आणि बक्षीस द्यायला संघटना आल्या. 1958 मध्ये हिंद केसरी सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंतासिंगला हरवून ती महाराष्ट्रात आणली. खंचनाळे मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, सीमाभागातले. 1961 मध्ये औरंगाबादेत महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. 1974 मध्ये ही स्पर्धा आमच्या जिल्ह्यात, ठाण्याला भरली होती आणि युवराज पाटील जिंकले होते. सुरुवातीच्या काही वर्षी अंतिम कुस्तीचा निकालच लागला नाही आणि किताब कुणालाच दिला गेला नाही. मला ही पद्धत फार आवडते. दोघे तोडीस तोड असतील तर दोघांनाही रिकाम्या हाताने पाठवायचं, पण खोटा विजेता ठरवायचा नाही. 1980 च्या दशकापासून कुस्तीगीर परिषदेचे मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबाकडून विजेत्याला चांदीची गदा दिली जाऊ लागली. आज सगळा महाराष्ट्र जिला ओळखतो ती हीच. म्हणजे तिचं वय चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. दह्यारी, गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार ही नावं तिच्या आधीची आहेत.

गदेआधीच्या त्या पिढीतला माझ्या लेखी सर्वांत मोठा माणूस म्हणजे गणपतराव आंदळकर. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातलं पुनवत हे त्यांचं गाव. 1960 चे हिंद केसरी. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. मातीत वाढलेल्या माणसाने मॅटवरच्या परक्या प्रकारात, जिथे कमरेखाली हात लावायचा नाही तिथे, सुवर्ण आणायचं ही सोपी गोष्ट नव्हे. पट काढणं, टांग मारणं, ही ज्याची भाकरी, त्याला ती बाजूला ठेवून लढावं लागलं. पण कोल्हापुरात त्यांचं नाव जास्त घेतलं जातं ते पुढच्या चार-पाच दशकांसाठी. न्यू मोतीबाग तालमीत ते वस्ताद म्हणून पहाटे हजर असायचे. दादू चौगुले त्यांचेच पठ्ठे, आणि दादूंच्या मागून किती आले त्याची मोजदाद नाही. 2018 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेली म्हातारी पैलवान मंडळी लहान पोरासारखी रडली. वस्ताद हे पद कुणी गदेवर कोरून देत नाही. ते पोरांच्या कानांवरून कळतं. मोडलेले, फुगलेले कान घेऊन चार पिढ्या एकाच माणसाचं नाव सांगतात तेव्हा.

आता कऱ्हाडकडे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि सहावे आले. मॅटवर त्यांनी त्याआधी कुस्ती जवळपास केलीच नव्हती. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आजच्या वाचकाने इथे जरा थांबून विचार करावा. एका प्राध्यापकाने एका पैलवान विद्यार्थ्यासाठी राहतं घर गहाण टाकलं. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग एक दमवणारी लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं. दोन लढतींमध्ये विश्रांती मिळायला हवी असा नियम होता, पण तो सांगायला तिथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. ते हरले, आणि कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीतलं पुढचं पदक यायला 2008 उजाडावं लागलं.

कऱ्हाड स्टेशनवर 151 बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. गाव हाकेच्या अंतरावर, पण मिरवणूक दिवसभर चालली. मिरवणुकीनंतर खाशाबांनी काय केलं, हे त्याहून महत्त्वाचं. त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, तिकिटाचे पैसे जमवले आणि खर्डेकरांचं कर्ज फेडलं. घर सोडवून दिलं. पुढे पोलिसात फौजदार म्हणून लागले, नोकरी केली, 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. पद्म पुरस्कार आजतागायत नाही. महाराष्ट्र केसरी नाही, हिंद केसरी नाही, चांदीची गदा नाही. तरीही महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला एक पैलवान विचारा, तो खाशाबांचंच नाव सांगेल.

मुष्टियुद्धातला मराठी माणूस शोधायला गेलं तर असाच एक माणूस भेटतो, तोही आंदळकरांसारखा सांगलीकडचाच. मुरलीकांत पेटकर, इस्लामपूरचे, सैन्याच्या ईएमई विभागात जवान. बॉक्सिंग ते सैन्यात शिकले आणि 1964 मध्ये टोकियोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सैनिकी स्पर्धेत उतरले. पुढच्याच वर्षीच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतून बसली आणि कमरेखालचं शरीर गेलं. बॉक्सरचे पाय गेले म्हणजे सगळं गेलं. ठोसा पायातून येतो, हातातून फक्त बाहेर पडतो. पेटकर पोहायला लागले. 1972 मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे 52 वर्षांनी. मधली दशकं बहुतेक महाराष्ट्राला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं, ही आपल्यासाठी लाजेची गोष्ट आहे. 2024 मध्ये हिंदी सिनेमा आला तेव्हा कुठे आपण खडबडून जागे झालो.

महंमद अलीकडे आता परत बघितलं तर त्याचं नाव का निघतं ते समजतं. 1967 मध्ये त्याने व्हिएतनामच्या युद्धावर जायचं नाकारलं आणि त्याचा किताब काढून घेण्यात आला. ऐन भरातली तीन वर्षं त्याला रिंगणात पाऊल ठेवता आलं नाही. 1974 मध्ये किन्शासात त्याने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडलं आणि किताब परत घेतला. पट्टा त्याच्याकडे होता तेव्हा तो विजेता होता. पट्टा गेला त्या तीन वर्षांत तो मोठा झाला. 27 जानेवारी 1980 ला तो दिल्लीत आपल्या कौरसिंगशी प्रदर्शनी लढत खेळला. कौरसिंगने पुढे 1982 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. 2023 मध्ये वारेपर्यंत त्या एका संध्याकाळची आठवण लोक त्याला विचारत राहिले.

आमच्या मुरबाड तालुक्याला हे समजवून सांगावं लागत नाही. 2 जानेवारी 1943 ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडाच्या जंगलात इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. ते पैलवान नव्हते. पण दर वर्षी त्या दिवशी माणसं पहाटेच्या थंडीत गड चढतात. कुणाच्या नावासाठी लोक स्वतःहून पाय झिजवतात, यावरून आमच्या भागात मोठेपणा ठरतो, आणि पैलवानाचंही तसंच.

गदेचं आज काय झालंय तेही सांगायला हवं. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या लढतींत पंचांच्या निकालावरून मैदानातच राडा झाला. दोन मल्लांना तीन-तीन वर्षांच्या बंदीची शिक्षा सुनावली गेली. पृथ्वीराज मोहोळने गदा घेतली, पण त्या रात्री चर्चा त्याच्या डावांची झाली नाही. त्या पोराचा यात काय दोष? बलरामाचा नांगर पुन्हा उगारला गेला, एवढंच. गदेची किंमत वाढली, तिच्यासोबत मोटारगाड्या आल्या, आणि निकाल काही सेकंदांच्या चित्रफितीवर येऊन ठेपला. मातीतली निकाली कुस्ती, जिथे पाठ टेकली की टेकली आणि हजार माणसं पंच असतात, ती मागे पडत गेली.

आता एक गोष्ट अगदी जवळून. आमच्याकडच्या जत्रेतला आखाडा असा असतो: चार दिवस आधी माती खणायची, खडे वेचायचे, मग तीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून ती मऊ करायची. दुपारी तीनच्या सुमाराला पहिल्या कुस्त्या लागतात, त्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या. आठ-दहा वर्षांची पोरं लंगोट सावरत उतरतात. पंच दोघांचे हात धरून त्यांना मैदानभर फिरवतो, जोड लोकांना दाखवतो, मग सलामी. एखादं पोर मातीला हात लावून कपाळाला लावतं तेव्हा समोरच्या पोराकडे बघतच नाही, इतकं घाबरलेलं असतं. जिंकलेला नारळ घेऊन आईकडे धावतो. हरलेल्या पोरालाही कुणीतरी आजोबा कनवटीचे दहा रुपये काढून देतात आणि कानाशी सांगतात, डावा पाय पुढे टाकत जा. त्या वेळी मैदान अर्धं रिकामं असतं. गर्दी जमते ती संध्याकाळी, गदेच्या कुस्तीला. तेव्हा लढणारे बहुतेक पैलवान बाहेरचे, ठरवून आणलेले, आणि रात्री गाडीत बसून जाणारे. नारळाच्या कुस्तीतलं पोर मात्र गावचं असतं, आणि त्याच्या कानात डाव सांगणारा आजोबाही गावचाच. त्या आजोबांचं नाव पन्नास वर्षांनी ते पोर सांगणार आहे; गदा कुणी नेली ते तोवर हँडबिलासकट विसरलेलं असेल.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, मग उन्हाळाभर गावोगावच्या जत्रा लागतात. जत्रा कमिटीतल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. गदा ठेवा, ती शोभते. पण तिच्यासाठी जमवलेल्या वर्गणीतला निम्मा हिस्सा गावच्या तालमीतल्या पोरांच्या दुधाला आणि वस्तादाच्या मानधनाला द्या. नारळाच्या कुस्त्या दुपारच्या उन्हात उरकून टाकू नका; गर्दी जमल्यावर, गदेच्या कुस्तीच्या आधी लावा. आणि गावात कधीकाळी लढलेले जे म्हातारे पैलवान अजून हयात आहेत, त्यांना मैदानात खुर्ची टाकून बसवा, त्यांचं नाव स्पीकरवरून पुकारा. पेटकरांना अर्जुन पुरस्कारासाठी आपण 52 वर्षं थांबवलं, खाशाबांना जिवंतपणी फारसं काही दिलं नाही. निदान आपल्या गावातल्या माणसाला तरी त्याच्या हयातीत फेटा बांधा.